चार अक्षरं

(अंगणात काळी ट्रंक. कुलूप उघडणारे हात.)

सत्तरी तालुका. झाकणावर पांढऱ्या रंगातला नंबर उडत चाललाय, लष्करातला हुद्दा मात्र अजून वाचता येतो: नाईक. गोव्यात हे आडनावही असतं, म्हणून पोस्टमनसुद्धा काकांना नाईक म्हणूनच हाक मारतो. आडनाव खरं तर दुसरंच आहे.

आत पदकं एका रुमालात बांधलेली. बाकी सगळे कागद.

(कागद, जवळून.)

हा मेडिकल बोर्डाचा. मणक्यातली चकती सरकलेली. उंचावरच्या पोस्टवर रॉकेलचे जेरीकॅन वाहून वाहून, असं काका सांगतात. अपंगत्व ३० टक्के. नोकरी संपली. आणि त्याखालच्या रकान्यात चार अक्षरं: एन ए एन ए. म्हणजे हे दुखणं सेवेमुळे झालं नाही, सेवेमुळे वाढलंही नाही. एका दमात वाचलं तर 'नाना' होतं. या नानांनीच सगळं अडवलं.

कारण हिशेब असा आहे. अपंगत्व १०० टक्के असेल, तर पेन्शनवर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणखी. कमी असेल तर त्या प्रमाणात. बोर्डाने काढून टाकलेल्या जवानाचे ५० च्या आतले टक्के ५० धरले जातात, याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. काकांच्या ३० चे ५० झाले असते, म्हणजे पगाराचे १५ टक्के. पण दुखणं सेवेमुळे, असं मान्य झालं तरच.

(दुसरा कागद. घडीवर फाटलेला, टेपने चिकटवलेला.)

हा भरतीच्या वेळचा. 'पाठ' या रकान्यासमोर लिहिलंय: नॉर्मल. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह प्रकरणात सांगितलं की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत जडला असं धरायचं; तसं नाही, हे सरकारने दाखवायचं. म्हणजे उत्तर इतकी वर्षं याच ट्रंकेत पडून होतं. (२१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. तो विषय या फिल्ममध्ये नाही.)

गोव्याची प्रकरणं आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या, म्हणजे सैन्यदलांच्या न्यायाधिकरणाच्या, मुंबई खंडपीठासमोर चालतात. काका कमरेला पट्टा बांधून रेल्वेने जात. तिथलं चित्रीकरण आमच्याकडे नाही. निकाल त्यांच्या बाजूने लागला. मधल्या काळात मुलीचं कॉलेज सुटलं, सुपारीचं कुळागर दुसऱ्याकडे गेलं.

(सुपारीची झाडं. खाली पडलेली, न वेचलेली सुपारी.)

(नोव्हेंबर. तुळशीवृंदावनाजवळ प्लास्टिकची खुर्ची.)

हयातीचा दाखला. पूर्वी त्यासाठी बँकेत जावं लागे, आता मोबाईलवर होतो. घरात रेंज नाही, म्हणून अंगणात. फोन सांगतो, पापण्यांची उघडझाप करा. काका करतात. जमत नाही. काकी म्हणतात, "चष्मा काढा बघू." तिसऱ्या वेळी होतं.

आता ते खुर्चीवरून उठतील. इथे आम्ही कट मारलेला नाही.