सहा वाजायला आठ मिनिटं

(दृश्य: सूरसागरच्या काठची संध्याकाळ, दांडिया बाजारातली गर्दी. मग एक लहानशी खोली: मिक्सर, दोन माइक, भिंतींना आवाज शोषणारा फोम.)

बडोद्यात विद्यार्थी चालवत असलेल्या या इंटरनेट रेडिओवर दर जुलैत नवी मुलं येतात. काय करायचंय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: गाणी लावायचीत. वेळापत्रक सांभाळायचंय, असं म्हणत अजून तरी कुणी आलेलं नाही.

ते काम सध्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे आहे. घरी मराठी, वर्गात गुजराती, माइकवर दोन्ही आणि वर हिंदी. आवाज तिचाही चांगला आहे, पण हल्ली तो फारसा ऐकू येत नाही. स्टेशन मॅनेजर झाल्यापासून तिच्या हातात माइकपेक्षा फोन जास्त असतो.

रेडिओ या गावाला नवा नाही. बडोदे संस्थानाचं स्वतःचं केंद्र होतं. १९४८ साली ते आकाशवाणीकडे गेलं. त्याच आकाशवाणीतून ड्यूटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ जवळच राहतात. मुलं त्यांना काका म्हणतात. काकांनी आधी शिकवला तो एफपीसी, म्हणजे फिक्स्ड पॉइंट चार्ट. कुठल्या मिनिटाला काय, हे आधी कागदावर. तसं झालं नाही, तर काय झालं आणि का, हे लॉगमध्ये. संगणकावर सगळं दिसतं की काका, असं मुलांनी म्हणून पाहिलं. काकांनी वही पुढे सरकवली.

(दृश्य: लॉगच्या वहीचं पान, जवळून.)

"१८:०४, माइक एक बंद राहिला, ११ सेकंद शांतता. १८:२२, तबला चढा, फेडर खाली. १८:४०, पाहुणे आले नाहीत, राखीव कार्यक्रम लावला."

वाचायला रटाळ आहे खरं. पण महिन्याभराची पानं सलग वाचल्यावर दिसलं, की बहुतेक घोटाळे तासाच्या सुरुवातीलाच होतात. एक निवेदक उठतो, दुसरा बसतो, आणि दोघांनाही वाटतं की माइक दुसऱ्यानं सुरू केलाय. तेव्हापासून पुढच्यानं आठ मिनिटं आधी खोलीत हजर राहायचं आणि पहिलं गाणं हेडफोनवर क्यूला, म्हणजे प्रसारणात न सोडता, ऐकून ठेवायचं.

शांततेसाठी सॉफ्टवेअरमध्ये एक पहारेकरी बसवलाय. वीस सेकंद आवाज आला नाही, की तो राखीव यादी सुरू करतो. झकास. फक्त त्याला आलाप कळत नाही. स्वच्छ ध्वनिमुद्रणात गायकानं अगदी हळू षड्ज लावला, की हा समजतो खोली रिकामी आहे, आणि वर जिंगल आदळतो. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांना हा त्रास नाही. त्यांची खरखर त्याला जागं ठेवते. शेवटी आवाजाची किमान पातळी बरीच खाली आणावी लागली.

दुसरा धडा श्रोत्यांनी दिला. यादी संगणकावर सोडली होती, आणि रात्री नऊला फैयाज खाँसाहेबांचा ललत, म्हणजे पहाटेचा राग, लागला. हे गाव खाँसाहेबांचं. दरबार गायक म्हणून ते इथेच राहिले, १९५० साली इथेच गेले. सयाजीरावांच्या काळात मौलाबख्शांनी १८८६ साली इथे गायनशाळा काढली, त्याचंच पुढे संगीत महाविद्यालय झालं. अशा गावात रात्री ललत लावून सुटका नाही. रावपुऱ्यातून एका आजोबांचा फोन आला: "अगं पोरी, झोपायच्या वेळी उठवतेस काय?" आता प्रत्येक फाइलला गायक, राग, कालावधी यांच्या जोडीला प्रहर लिहिलेला असतो.

हक्कांचा भाग मुलांना नकोसा वाटतो, आणि मॅनेजरची खरी परीक्षा तिथेच होते. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: शब्द-चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. रेडिओ केंद्रांना कायद्यानं जी वैधानिक परवान्याची (हक्कदाराला न विचारता, ठरलेला मोबदला भरून गाणी लावण्याची) सोय दिलीय, ती इंटरनेटवरच्या प्रसारणाला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. म्हणजे ज्याचा हक्क त्याची परवानगी. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो. म्हणून १९३०च्या दशकातल्या, बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावणाऱ्या त्या तबकड्या मोकळ्या आहेत, पारंपरिक बंदिशींसकट. चालू चित्रपटातलं गाणं नाही. मित्र रुसतात. रुसू देत.

आणखी एक गंमत. इथला आवाज सर्व्हरमार्गे श्रोत्याच्या फोनवर पोचायला वीस-तीस सेकंद सहज लागतात. त्यामुळे "आता बरोब्बर सहा वाजले" हे वाक्य इथे बंद आहे.

(दृश्य: नवरात्र. मैदान, घागरे, ढोल. खोलीला कुलूप.)

नऊ रात्री बडोद्यात कुणी सापडत नाही. निवेदक गरब्यात, तंत्रज्ञ गरब्यात, मॅनेजरही गरब्यात. पितृपक्षातच कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून त्यांचा साठा करायचा, हे आता ठरून गेलंय. गरबा लावा, अशी मागणी होते, पण लावत नाहीत. मला ते पटतं. खिडकी उघडली की तोच ऐकू येतो.

एप्रिलमध्ये तिची परीक्षा, मग निरोप. पासवर्ड, परवानग्यांची फाइल, चाव्या, वह्या हे सगळं कुणाच्या तरी हाती द्यायचंय. इच्छुकांना तिनं एकच प्रश्न विचारला: सहा वाजायला आठ मिनिटं आहेत आणि निवेदक आलेला नाही, काय कराल? तिघांनी उत्साहानं सांगितलं, मीच माइकवर बसेन. चौथ्यानं विचारलं, राखीव कार्यक्रम कुठल्या फोल्डरमध्ये असतो, आणि निवेदकाचा फोन नंबर कुठे लिहिलाय?

चौथ्याला सोमवारपासून बोलावलंय. त्याचा आवाज, काकांच्या मते, साधारणच आहे.