शेवटचा न्याय आणि ज्याचा त्याचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नवी वही काढून तिची पूजा करतात. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, नोव्हेंबरच्या अखेरीला, कॅथलिक चर्चचंही वर्ष संपतं. वसईपासून गोव्यापर्यंत त्या शेवटच्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण असतो. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे. त्यातल्या एका वर्षी त्या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या जीवनकथेचा, पंचविसावा अध्याय वाचला जातो. त्यात राजा आसनावर बसतो, सगळी राष्ट्रं त्याच्यासमोर जमतात आणि मेंढपाळ मेंढरं-शेरडं वेगळी करतो तशी तो माणसं वेगळी करतो. वर्षाची वही मिटताना चर्चने हे वाचन ठेवलं, हे मला फार नेमकं वाटतं.

न्याय म्हटलं की आपल्याकडे चित्रगुप्ताची वही आठवते. एका बाजूला पाप, दुसऱ्या बाजूला पुण्य, शेवटी वजाबाकी. ख्रिस्ती घरांतही बोलता बोलता असंच बोललं जातं, आणि त्याला जुनी चित्रंही कारण आहेत. फ्रान्समधल्या ओतँ गावच्या कॅथेड्रलच्या दारावर, साधारण ११३० सालचं, शेवटच्या न्यायाचं शिल्प आहे. त्यात आत्मे तराजूत तोलले जात आहेत आणि सैतान पारडं आपल्या बाजूला ओढतो आहे. मापात पाप तिथेही! पण बायबलमध्ये आत्मे तोलणाऱ्या देवदूताचं वर्णन कुठेच नाही. तिथे न्यायाच्या संदर्भात पुन्हा पुन्हा येणारा शब्द आहे हिशेब. येशूचा प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो की प्रत्येक जण स्वतःबद्दल देवाला हिशेब देईल. मूळ ग्रीक शब्द आहे ‘लोगोस’. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या ओळीत ज्याचा अर्थ ‘शब्द’ होतो तोच हा, पण बाजारात आणि कचेरीत त्याचा अर्थ जमाखर्च असा होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात धनी कारभाऱ्याला बोलावून म्हणतो, तुझ्या कारभाराचा हिशेब दे. तिथेही हाच शब्द आहे.

कारभाऱ्याचा हिशेब आणि पापपुण्याची वजाबाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारभाऱ्याचं स्वतःचं काहीच नसतं. त्याला पहिला प्रश्न असा की तुझ्या हाती काय दिलं होतं, आणि दुसरा असा की त्याचं काय केलंस.

आता हातातली रक्कम बघू. त्याच पंचविसाव्या अध्यायात तीन चाकरांचा दाखला आहे. धनी परगावी जाताना एकाला पाच, एकाला दोन आणि एकाला एक ‘तालांत’ देतो. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. आठवड्याला सहा दिवस काम धरलं तर एका तालांताला साधारण वीस वर्षांची मजुरी होते. आजचा रोज ५०० रुपये धरला तर एक तालांत म्हणजे ३० लाख, दोन म्हणजे ६० लाख आणि पाच म्हणजे दीड कोटी. ‘मला बिचाऱ्याला एकच मिळाला’ असं म्हणायला इथे जागाच नाही. सगळ्यात कमी मिळालेल्याच्या हातातही तीस लाख आहेत.

पाचवाला आणखी पाच मिळवतो, दोनवाला आणखी दोन. धनी दोघांना जी शाबासकी देतो तिच्यात शब्दाचाही फरक नाही. जास्त कमावल्याबद्दल पहिल्याचं वेगळं कौतुक होत नाही, कारण माप मिळालेल्या रकमेवर आहे. तिसरा आपला तालांत जमिनीत पुरतो. आपल्याला हा मूर्खपणा वाटतो, पण त्या काळच्या रीतीने तो शहाणपणा होता. तिसऱ्या शतकातले यहुदी पंडित शमुवेल यांचं मत तालमुद या यहुदी धर्मग्रंथात नोंदलेलं आहे की दुसऱ्याचा पैसा सांभाळायचा तर जमिनीतच. म्हणजे या चाकराने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही, रुपया न् रुपया परत आणून दिला. तरी तो दोषी ठरतो, कारण पैसा त्याला राखण्यासाठी दिलेला नव्हता. तो स्वतःच कारण सांगतो: मला तुमची भीती वाटली. निदान सावकाराकडे ठेवला असतास तर व्याज तरी आलं असतं, असं धनी म्हणतो. म्हणजे अपेक्षा किती माफक होती बघा.

याच अध्यायात पुढे मेंढरं आणि शेरडं येतात. आपल्या माणदेशातल्या धनगराचा कळप ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र लगेच कळेल. दख्खनी मेंढी बहुतेक काळी असते आणि कळपात चार शेळ्याही असतात. लांबून कोण कोण ते ओळखू येत नाही. धनगराला मात्र येतं. राजा ज्या कसोटीवर माणसं निवडतो तिच्यात सहा कामं आहेत: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस आणि तुरुंगात असलेल्याची भेट. शेरडांसारखे डावीकडे काढलेले जे दोषी ठरतात त्यांच्यावर खुनाचा, व्यभिचाराचा किंवा लाच खाल्ल्याचा आरोप नाही. त्यांच्यावर फक्त न केलेल्या कामांची यादी वाचली जाते. शिवाय दोन्हीकडचे लोक चकित होतात. ‘प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं?’ असं उजवीकडचेही विचारतात आणि डावीकडचेही. पुण्य जमा होतंय म्हणून केलेल्या कामाची माणसाला आठवण असते. इथे ज्यांची निवड झाली त्यांना आठवणच नाही.

हिशेब ज्याचा त्याने द्यायचा, ही गोष्ट बायबलमध्ये सुरुवातीपासून इतकी स्पष्ट नव्हती. इ.स.पूर्व सहाव्या शतकात बाबेलच्या बंदिवासात यहुदी लोकांच्या तोंडी एक म्हण होती: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. आमची ही दैना वाडवडिलांच्या पापांमुळे, आमचा काय दोष, असा तिचा रोख. यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात ती म्हण मोडीत काढली. जो पाप करतो तोच त्याची शिक्षा भोगतो. बाप मुलाची भोगत नाही, मुलगा बापाची भोगत नाही. बायबलमधल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकात पुढची पायरी येते. माणसाला एकदाच मरायचं आहे आणि त्यानंतर न्याय. पुनर्जन्माच्या कल्पनेत वाढलेल्या आपल्या कानांना हे कठोर वाटतं. इथे पुढच्या जन्मी फेडू अशी सोय नाही.

न्यायासनाचं चित्र पौलाने कुठून घेतलं, तेही पाहण्यासारखं आहे. ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या बाजारचौकात दगडी चौथरा होता, त्याला ‘बेमा’ म्हणत. त्याचे अवशेष आजही उभे आहेत. त्यावर बसून रोमन अधिकारी खटले ऐकत. इ.स. ५१च्या सुमारास पौलालाच गल्लियो या सुभेदारापुढे उभं केलं गेलं. हा गल्लियो म्हणजे तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. त्याने ते प्रकरण फेटाळून लावलं. पुढे पौल करिंथकरांना लिहितो की आपणा सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभं राहायचं आहे, तेव्हा शब्द ‘बेमा’ हाच आहे. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपल्या बाजारातला तो चौथरा असणार.

आणि केवळ कृत्यांचाच हिशेब नाही. प्रत्येक व्यर्थ शब्दाचाही, असं येशू म्हणतो. तिथला ग्रीक शब्द ‘आर्गोन’, म्हणजे काम न करणारा, रिकामटेकडा. मोबाइलवर आपण दिवसभरात पुढे ढकलतो त्यातले किती शब्द रिकामटेकडे असतात, ते ज्याने त्याने मोजावं.

हा न्याय कधी होतो? कॅथलिक शिकवणीप्रमाणे दोनदा. मरणानंतर लगेच प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय आणि जगाच्या शेवटी सर्वांचा सार्वत्रिक न्याय. यावर वाद झाला तो थेट पोपच्याच तोंडून. १३३१ साली फ्रान्समधल्या आव्हिन्यो इथे पोप बाविसावे जॉन यांनी प्रवचनांत असं मांडलं की पवित्र आत्म्यांनाही देवाचं पूर्ण दर्शन शेवटच्या न्यायानंतरच होईल. मोठा गदारोळ झाला. १३३४ साली मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतलं. त्यांच्यानंतरचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ साली निर्णय दिला: मरणानंतर लगेच, शेवटच्या दिवसाची वाट न पाहता.

मग दुसऱ्या न्यायाची गरजच काय? याचं मला पटलेलं उत्तर तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांचं आहे. माणूस मरतो, पण त्याचं केलेलं मरत नाही. ते मुलांमध्ये, लोकांच्या आठवणीत आणि परिणामांमध्ये चालू राहतं. चौथ्या शतकातला धर्मगुरू अरियस याने पसरवलेली चुकीची शिकवण तो गेल्यावरही माणसं बिघडवत राहिली आणि प्रेषितांचा उपदेश ते गेल्यावरही माणसं घडवत राहिला. व्याज अजून चढतंय तोवर खातं कसं बंद करणार? म्हणून शेवटचा हिशेब जगाच्या शेवटी.

तो शेवट कधी, हे सांगणारे दर पिढीला निघतात. अमेरिकेत धर्मोपदेशक विल्यम मिलर यांनी बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातले २३०० दिवस म्हणजे वर्षं धरली, इ.स.पूर्व ४५७ पासून मोजली आणि १८४३ साल काढलं. शून्य नावाचं साल नसतं हे लक्षात आल्यावर एक वर्ष वाढवलं. शेवटी तारीख पक्की झाली २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोक वाट पाहत बसले. काहींनी शेतातलं पीकही काढलं नव्हतं. गणिताची चूक दुरुस्त केली, पण तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही हे येशूचं वाक्य मात्र बाजूला राहिलं.

प्रोटेस्टंट मंडळींचा भर वेगळा आहे. तारण कृपेने, विश्वासाद्वारे मिळतं, कर्मांनी विकत घेता येत नाही. मग कर्मांचा न्याय कशाला, असा प्रश्न येतोच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल सहा जिन्नस मोजतो: सोनं, रुपं, मोलवान पाषाण, लाकूड, गवत, पेंढा. एकाच पायावर कोणी कशाने बांधलं हे अग्नी दाखवील. ज्याचं बांधकाम जळेल त्याचं नुकसान होईल; तो स्वतः वाचेल, पण आगीतून बाहेर पडल्यासारखा. कॅथलिकांना या ओळींत मरणोत्तर शुद्धीचा आधार दिसतो, प्रोटेस्टंटांना फक्त कामाची पारख. १५६३च्या हायडेलबर्गच्या प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मशिकवणीच्या पुस्तकात, विचारलं आहे की ख्रिस्त न्याय करायला येणार याचं तुला सांत्वन काय? उत्तराचा आशय असा की ज्याने माझ्यासाठी आधीच न्यायासनापुढे उभं राहून शिक्षा घेतली, तोच न्यायाधीश म्हणून येतो आहे. मी मान वर करून त्याची वाट पाहतो. न्यायाच्या विषयात ‘सांत्वन’ हा शब्द ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं.

आता रोजच्या व्यवहाराकडे येऊ. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाची पाच पायऱ्यांची रीत घालून दिली. आधी मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार, मग आपली पापं दिसावीत म्हणून प्रार्थना, मग उठल्यापासून आत्तापर्यंत तासातासाचा हिशेब: आधी विचार, मग शब्द, मग कृती. त्यानंतर क्षमायाचना, आणि शेवटी सुधारण्याचा निश्चय. लोक घाईत पहिली पायरी गाळतात आणि थेट चुका शोधायला बसतात. जमेची बाजू न लिहिता खर्च लिहायला घेतला की हिशेब जुळत नाही. मग एक तर निराशा पदरी येते किंवा तीच तीच चूक उगाळणं.

कॅथलिकांत याला जोडून पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे आपली पापं कबूल करणं, येतं. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. १२१५ सालच्या लॅटरन इथल्या चर्चच्या परिषदेने ते वर्षातून निदान एकदा सक्तीचं केलं. गंभीर पाप कोणत्या प्रकारचं आणि किती वेळा हे सांगायला हवं, असं १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेने ठरवलं. ‘फादर, माणूस आहे, चुका होतातच’ एवढ्याने भागत नाही. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे सून सासूची पापं सांगते आणि सासू सुनेची. तिथे फक्त स्वतःचीच सांगायची असतात.

सगळ्यात जास्त अडतं ते परतफेडीवर. मोशेच्या नियमशास्त्रात आपणहून गुन्हा कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा होता. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं असेल तर एकाच्या जागी चार. जकातदार जक्कय येशूसमोर उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं लुबाडलं असेल त्याला चौपट भरतो. शंभर लुबाडले असतील तर १२० वर भागलं असतं. त्याने चोराचा दंड स्वतःहून लावून घेत ४०० कबूल केले. धर्मगुरूही, परत करण्याची तयारी नसेल तर पापमुक्ती देऊ शकत नाहीत. नाव उघड न करता, कोणाच्या तरी हस्ते रक्कम पोचवली तरी चालते. निंदा केली असेल तर ज्यांच्यापुढे केली त्यांच्यापुढेच ती मागे घ्यायची. मूळ मालक वारला असेल तर वारसांना द्यायचं, वारस सापडतच नसतील तर गरिबांना. क्रम मात्र हाच. मालक पुढच्या गल्लीत राहत असताना तेच पैसे चर्चच्या दानपेटीत टाकले, तर ती फेड धरली जात नाही.

नमस्कार.