एसटी आधी निळी होती! लाल डब्याची गोष्ट

(स्टँडवर, फलाटाच्या कडेला उभं राहून. मागे गाडी रिव्हर्स घेताना दिसली पाहिजे.)

ही मागची गाडी बघा. लाल. आपण लाल परी म्हणतो, वैतागलो की लाल डबा म्हणतो, माझी आजी आयुष्यभर यष्टी म्हणायची. पण ही सुरू झाली तेव्हा लाल नव्हतीच. निळी होती, आणि टप चंदेरी! आज आपण एसटीचा इतिहास तिच्या बॉडीवरून बघणार आहोत, कारण मंत्री आणि अध्यक्षांची यादी वाचून दाखवली तर तुम्ही दुसऱ्या मिनिटाला पळणार, मला माहितीये.

तर एसटीच्या आधी काय होतं? सर्व्हिस मोटारी. खासगी मालक, कुणाच्या दोन गाड्या तर कुणाची एकच, आणि टाइमटेबल म्हणजे काय तर गाडी भरली की सुटणार, नाही भरली तर बसा तिथेच मोटार अड्ड्यावर. कायदा १९३९ ला आला, मोटार वाहन कायदा, तेव्हा कुठे परमिट वगैरेला जरा शिस्त लागली. आणि लगेच दुसरं महायुद्ध. पेट्रोलचं रेशनिंग. मग काय, गाडीला मागे भट्टी जोडायची, कोळसा पेटवायचा आणि त्या गॅसवर मोटार चालवायची. हो, खरंच, कोळशाच्या गाड्या! घरात कोणी नव्वदीचं असेल तर विचारून बघा.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्य सरकारने ठरवलं की प्रवासी वाहतूक आपणच करायची. गृहमंत्री होते मोरारजी देसाई. आणि १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. कंडक्टर लक्ष्मण केवटे, ड्रायव्हर किसन राऊत. सुरुवातीच्या गाड्या बेडफोर्डच्या, बॉडी लाकडाची आणि सीटमध्ये काथ्या. विचार करा, काथ्याच्या सीटवर बसून नगर! खाकी ड्रेस आणि डोक्यावर पीक कॅप, एकदम रुबाब.

इथे एक गोष्ट बोलतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर दर १ जूनला फिरतं की पहिलं तिकीट नऊ पैसे होतं. आता १९४८ मध्ये रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे, शंभर नाही, शंभर पैसे १९५७ ला आले. म्हणजे नऊ पैसे झाले सव्वादोन आणे. एवढ्यात सव्वाशेच्या आसपास किलोमीटर? मला तर हे अजिबात पटत नाही. तुम्हाला पटत असेल तर खुशाल फॉरवर्ड करा.

गाड्या पण एका कंपनीच्या नव्हत्या. शेवर्ले, फोर्ड, बेडफोर्ड, स्टुडबेकर, अल्बियन, लेलँड, फियाट, मिळेल ती, आणि त्या सगळ्यांचे पार्ट वेगवेगळे, म्हणजे मेकॅनिकचे काय हाल झाले असतील ते तुम्हीच बघा. त्यातच पुणे-महाबळेश्वरला दोन लक्झरी गाड्या होत्या, नीलकमल आणि गिरिआरोहिणी. पडदे, हिरव्या काचा आणि गाडीत घड्याळ! पन्नासच्या दशकात!

आता मराठवाडावाले म्हणतील आमचं काय. बरोबर आहे, तुमच्याकडे सरकारी बस आमच्या आधी होती. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ लाच २७ गाड्यांवर बससेवा सुरू केली होती. विदर्भात मध्य प्रांताची वेगळी सेवा होती. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात आले आणि त्यांच्या गाड्या पण आल्या. मग १९६० ला गुजरात वेगळं झालं, त्यांचं महामंडळ वेगळं, आपलं वेगळं.

आणि आता बॉडी. लाकडाच्या जागी स्टील आलं, काथ्याच्या जागी गादीची सीट आली. पण स्टीलला किनारपट्टीवर गंज लागायला लागला, खारा वारा ना. म्हणून १९६० च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आला आणि त्याच वेळी रंग बदलून लाल झाला. म्हणजे खिडकीची जी खडखड आपण लहानपणापासून ऐकली ना, त्या पत्र्याचं कारण कोकणातला वारा! आणि ही बॉडी एसटी स्वतः बांधायची, चासी टाटा किंवा लेलँडची आणि वरचं सगळं पुण्यातल्या दापोडी, संभाजीनगरच्या चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये. आता गेल्या काही वर्षांत परत लोखंडी बॉडी आलीये, कारण अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, अपघातात चेपतं.

१९८२ ला दिल्लीत एशियाड झालं, त्या काळात निमआराम गाड्या आल्या आणि लोकांनी नावच एशियाड ठेवलं. खेळ कुठले झाले कोणाला आठवत नाही, पण "एशियाडने ये रे" हे अजून चालू आहे.

माझी आवडती मात्र मुक्कामी गाडी. रात्री शेवटच्या गावात जायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर झोपायचे, कोणीतरी भाकरी द्यायचं आणि पहाटे तीच गाडी दूध, पेपर, कॉलेजची पोरं घेऊन तालुक्याला. आमच्या आजोळी तर तिच्या हॉर्नवर लोक उठायचे. आता ही फेरी कधीतरी फायद्यात जाईल का? नाही ना! पण टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत थांबत थांबत प्रवासी घ्यायचे, याचा हक्क एसटीला दिलाय तो याच्यासाठीच, चांगल्या रूटवर कमवा आणि वाडीवस्तीवर घालवा. आणि चांगल्या रूटवर कोण आलं? वडाप, म्हणजे भरली की सुटणाऱ्या खासगी जीपा, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्स. वर तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर. त्यामुळे कोणी नुसतं तोट्यात आहे तोट्यात आहे म्हणालं की मला जरा रागच येतो.

२०२१ च्या शेवटी संप झाला, पाच महिन्यांच्या वर चालला, तेव्हा कळलं गावाकडे एसटी नसली की काय होतं. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून स्टँडवर परत गर्दी दिसते.

आणि १ जून २०२२ ला, त्याच पुणे-नगर मार्गावर, इलेक्ट्रिक शिवाई सुरू झाली. सगळ्यांनी बॅटरीच्या बातम्या केल्या. मला वेगळंच दिसलं, ती गाडी एसटीने बांधलेली नाही, विकत पण घेतलेली नाही, भाडेतत्त्वावर आहे. दापोडीत बॉडीच्या पत्र्याला रिबिटा (रिव्हेट) मारणाऱ्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं असेल, हे कोणीतरी विचारायला पाहिजे होतं.

चला, कंडक्टरने पाटी बदलली, आमची गाडी लागली. दापोडीचा वेगळा व्हिडिओ करतो, परवानगी मिळाली तर! ओ मास्तर, थांबा थांबा, दोन जण आहोत!