सुटणाऱ्या बंधांची जाळी

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर षटकोनी घरांची जाळी]

पोळ्यासारखी दिसणारी ही जाळी रेणूंची आहे. एकेक घर जेमतेम अडीच नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अडीच अब्जांश, रुंद. आणि ती कुणी विणलेली नाही, रेणूंनी आपली आपण जुळवली आहे.

साल 2003, इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम विद्यापीठ. सिलिकॉनच्या तुकड्यावर चांदीच्या अणूंचा एकच थर, आजूबाजूला जवळजवळ पूर्ण निर्वात. त्यावर दोन प्रकारचे रेणू वाफेच्या रूपात सोडले. एक मेलामाइन, ज्यापासून न फुटणाऱ्या ताटल्या बनतात तेच. दुसरा पीटीसीडीआय, लांबट, सपाट, रंगद्रव्यांच्या कुळातला.

[दृश्य: दोन रेणूंची आकृती]

आता जरा जवळून पाहू. मेलामाइनच्या तीनही बाजू सारख्या: कडेला दोन हायड्रोजन, मध्ये नायट्रोजन. पीटीसीडीआयच्या टोकाला नेमकं याला जुळणारं: कडेला दोन ऑक्सिजन, मध्ये हायड्रोजन. समोरासमोर आले, की एकदम तीन हायड्रोजन बंध, म्हणजे हायड्रोजनमार्फत रेणूंना जोडणारी हलकी ओढ, जुळतात. प्रत्येक मेलामाइनमधून 120 अंशांवर तीन फाटे फुटतात आणि षटकोन आपोआप तयार होतो.

आकाराचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती या बंधांची दुर्बलता. पृष्ठभाग थोडा तापवला, की रेणू सरकतात, चुकीचे जुळलेले सुटतात, पुन्हा जागा शोधतात. बंध पक्के असते, तर पहिलीच चूक कायमची राहिली असती. एवढी नीटस जाळी उभी राहते ती बंध सुटू शकतात म्हणूनच.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाची सुई]

हे दिसतं स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपमुळे. गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी 1981 मध्ये आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेत तो घडवला. सुई पृष्ठभागाला टेकत नाही. मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन पलीकडे जातात आणि त्या क्षीण प्रवाहातले चढउतार टिपत हे चित्र उमटतं.

जाळी तयार झाल्यावर नॉटिंगहॅमच्या शास्त्रज्ञांनी तिच्यावर 60 कार्बन अणूंचे पोकळ, गोल रेणू सोडले. एरवी हे रेणू एकमेकांना चिकटून मोठमोठी बेटं करतात. इथे ते घराघरांत वाटले गेले. एका घरात सात: एक मध्ये, सहा भोवती. आणखी सोडले, तेव्हा ते जाळीच्या दांड्यांवर चढून बसले आणि खालच्या जाळीचीच नक्कल वरच्या थरात उमटली.