तंबोऱ्याला नववा हात

(तबलीवर फिरणारा बोळा, अगदी जवळून. संगीत नाही.)

हा आवाज नीट ऐका. जुन्या मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा तंबोऱ्याच्या तबलीवरून, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी पाटीवरून सरकतोय. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात थांबत नाही. मध्येच थांबला, तर बोळा तिथंच चिकटेल आणि खालचं पॉलिश उचलून आणेल.

ही मिरजेची सतारमेकर गल्ली. पॉलिशच्या एका थराला म्हणायचं एक हात. या तंबोऱ्याला आज नववा हात चाललाय.

(बरणीतले सोनेरी पापुद्रे, खिडकीच्या उजेडात.)

हा चपडा. लाखेचा किडा पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसतो, रस पितो आणि अंगाभोवती राळेचं कवच करतो. झारखंड-छत्तीसगडच्या रानांतून ते खरवडून येतं. मग धुऊन, वितळवून, पातळ ताणून त्याचे असे पापुद्रे पाडतात. रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवले, सकाळी फडक्यातून गाळले, की पॉलिश तयार. लागेल तेवढंच करायचं. महिनोन् महिने पडून राहिलेलं पॉलिश नीट वाळत नाही, बोटाला चिकटत राहतं.

पहिले दोन हात लाकूड पिऊन टाकतं. चमक सोडाच, तुनाच्या लाकडाचे तंतू उभे राहतात आणि तबली आधीपेक्षा खरखरीत लागते. मग बारीक पॉलिश पेपर, अगदी अलगद. भुकटी पुसायची, पुन्हा हात द्यायचा. वाळू द्यायचं. पुन्हा पेपर.

आता बोळ्याकडे पाहा. त्यावर तेलाचा एक थेंब पडला आणि चाल बदलली. सरळ पट्टे संपले. हात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरू लागला. मागे धुक्यासारखी एक रेघ उमटते आणि लगेच विरते. ते उडून जाणारं स्पिरिट. ही रेघ दिसली, म्हणजे बोळा बरोबर भरलाय.

खरी गंमत डोळ्यांना दिसत नाही. नव्या हातातलं स्पिरिट खालचा वाळलेला थर थोडा विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. म्हणून नऊ हात दिले तरी साल एकच, तीही पातळ. ज्या तबलीला तारेबरोबर थरथरायचं आहे, तिच्या अंगावर जाड कवच कशाला?

(भोपळ्यावरून वर दांडीपर्यंत सरकणारा कॅमेरा.)

भोपळा पंढरपूरकडचा. घडणारे हात मात्र पिढ्यान् पिढ्या इथलेच. ज्यांच्यापासून मिरजेत ही कला सुरू झाली, ते एकोणिसाव्या शतकातले फरीदसाहेब शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारींना धार आणि पाणी देणारे. तलवारींचे दिवस सरले आणि पात्यावर फिरणारा हात लाकडावर आला. त्या हाताची घोटण्याची सवय या तबलीवर अजून दिसते.

तंबोरा गवयाबरोबर गावोगाव फिरतो, ओरखडे पडणारच. चपड्यावरचा ओरखडा स्पिरिटच्या एका हातात मऊ होतो, नवा चपडा त्यात मुरतो, जोड सापडत नाही. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या कृत्रिम पॉलिशचा फवारा मारलेल्या वाद्याला ही सोय नाही. तिथं जुनं सगळं खरवडावं लागतं. चपड्याला पाणी आणि उष्णता सोसत नाही, हेही खरं. पावसाळी हवेत तर तो पांढरट पडतो, म्हणून आज ऊन उंबऱ्याशी आल्यावरच बाटली उघडली.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फवाऱ्याचं काम लवकर उरकतं, त्यामुळे बोळा धरणारे कमी होत चाललेत.

(शेवटचा हात.)

यात चपडा जवळजवळ नाहीच. नुसतं स्पिरिट, तेही नावापुरतं. वर राहिलेलं तेल उचलण्यापुरतं. भोपळ्याच्या गोलाईत खिडकी उमटली. तिचे गजही मोजता येतात.

बोळा झाकणाच्या डब्यात गेला, उद्यापर्यंत ओला राहावा म्हणून. तारा परवा चढतील.