किमोनो घेताना : पन्हा, माया आणि युकी

मित्रहो, जपानच्या प्रवासात किमोनो घ्यायचा असे जो ठरवतो, त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा नवाकोरा रेशमी पोशाख असतो. पर्यटकांच्या दुकानांत स्वस्तात मिळणारा नवा किमोनो मात्र बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा निघतो, आणि रेशमाचा ताका निवडून तो शिवून घ्यायचा तर खर्च सहज लाख येनच्या पुढे जातो व शिलाई होण्याआधीच आपला परतीचा दिवस उजाडतो. म्हणून वापरलेला किमोनो घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. क्योतोत दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी मंदिराच्या आवारात आणि २५ तारखेला कितानो तेनमानगू देवस्थानात बाजार भरतो. तिथल्या कापडांच्या ढिगांत शांतपणे शोधणाऱ्याला एका साध्या जेवणाच्या किमतीत रेशमी किमोनो मिळू शकतो.

हे वस्त्र जुने घेणे योग्य का, याचे उत्तर त्याच्या बेतण्यातच आहे. सुमारे १२ मीटर लांबीचा आणि जेमतेम ३६ ते ३८ सेंटिमीटर पन्ह्याचा ताका सरळ रेषेत कापून त्याचे आठ तुकडे केले जातात: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढच्या पट्ट्यांचे दोन आणि गळपट्टीचे दोन. जास्तीचे कापड कापून टाकत नाहीत, तर शिवणीच्या आत दुमडून ठेवतात. त्यामुळे किमोनो उसवला की तुकडे पुन्हा जोडून त्यांचा सलग पट्टा करता येतो, तो धुऊन, खळ देऊन, ताणून वाळवता येतो आणि दुसऱ्या अंगासाठी नव्याने शिवता येतो. या पद्धतीला ‘आराइ-हारी’ म्हणतात. आईचा किमोनो मुलीच्या मापाचा होतो तो असा.

मी पहिला किमोनो रंगावर भाळून घेतला आणि मुक्कामी येऊन घातला, तेव्हा माझी मनगटे चांगली चार बोटे उघडी राहिली. तेव्हापासून पिशवीत मोजपट्टी असल्याशिवाय मी बाजारात जात नाही. मानेच्या मागच्या मणक्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंतच्या मापाला ‘युकी’ म्हणतात, आणि पहिल्यांदा तेच पाहावे. जुन्या काळच्या स्त्रियांची अंगलट लहान असल्यामुळे जुन्या किमोनोंची युकी अनेकदा आपल्याला अपुरी पडते. अशा वेळी खांदा आणि बाही जिथे जुळतात, ती शिवण दोन बोटांत धरून चाचपावी. आत कापडाचा जाड पदर लागला, तर माया, म्हणजे शिवणीत दुमडलेले जास्तीचे कापड, आहे आणि बाही वाढवता येईल. मात्र माया उलगडल्यावर आतला न विटलेला रंग पट्ट्यासारखा उठून दिसतो, हे खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावे. लांबीची चिंता स्त्रियांनी फारशी करू नये, कारण जास्तीची लांबी कमरेशी दुमडून दोरीने बांधतात. नऊवारीचा ओचा खोचणाऱ्या बाईला ही घडी समजावून सांगावी लागत नाही. पुरुषांच्या किमोनोला ती घडी नसते, म्हणून त्यांची लांबी घोट्यापर्यंत नेमकी बसायला हवी.

अस्तर उलटून पिवळे-तपकिरी डाग पाहावेत. कापराचा वास वाऱ्यावर टाकल्यावर जातो, बुरशीचा जात नाही. ऋतूचेही भान ठेवावे: ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून व सप्टेंबरमध्ये बिनअस्तरी आणि भर उन्हाळ्यात जाळीदार विणीचा, असा जुना रिवाज आहे. नेसताना डावी बाजू नेहमी उजवीवर यावी. उलटी बाजू फक्त मृतदेहाला नेसवतात, त्यामुळे ही चूक पाहणाऱ्याला खरोखर अस्वस्थ करते.

ओबीसाठी, म्हणजे किमोनोवर कमरेला बांधायच्या रुंद पट्ट्यासाठी, पैसे राखून ठेवावेत, कारण साधा किमोनो चांगल्या ओबीने उठून दिसतो. क्योतोतल्या निशिजिन या विणकरांच्या भागातील ‘त्सुझुरे’ विणीच्या ओबीचा बाणा, म्हणजे आडवा धागा, रंगागणिक वेगळा खेळवतात आणि विणकर करवतीसारखी कापलेली नखे वापरून तो दाबून बसवतात. येवल्याच्या मागावर पैठणीचा पदर भरताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही वीण तत्काळ ओळखू येईल.

घरी आणल्यावर किमोनो शिवणींवरच सपाट घडी घालून कागदात ठेवावा, प्लास्टिकमध्ये नव्हे. आपल्याकडे पावसाळा सरून हवा कोरडी झाली, की तो बाहेर काढून दिवसभर सावलीत, वारा लागेल असा टांगावा. जपानी घरांतही कपड्यांना असाच वारा देतात आणि त्याला ‘मुशिबोशी’ म्हणतात.