सिंगल कोअरला लोखंडी आर्मर? ऑर्डर देण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी.

केबल साईझिंगच्या व्हिडिओखाली अजून तोच प्रश्न येतोय: "सर, सोसायटीचा ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, शेजारी एलटी पॅनल. मधे आर्मर्ड कुठली टाकू?" आणि खाली कुणीतरी उत्तर देऊन मोकळा: "सिंगल कोअर घ्या, आर्मर्ड घ्या, डोक्याला ताप नाही." ताप नेमका तिथूनच सुरू होतो. त्यामुळे आज मुक्काम त्याच मुद्द्यावर, बाकीचं पटापट. नवीन मंडळींसाठी: सिंगल कोअर म्हणजे एकाच कंडक्टरची केबल, आर्मर म्हणजे केबलवरचं धातूचं कवच, एलटी पॅनल म्हणजे ट्रान्सफॉर्मरनंतरचं कमी व्होल्टेजचं पॅनल.

पहिलं, केबलचं नाव वाचायला शिका. ए म्हणजे अ‍ॅल्युमिनियम कंडक्टर. ए नसेल तर तांबं. टू-एक्स म्हणजे एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) इन्सुलेशन, वाय म्हणजे पीव्हीसी. एफ म्हणजे लोखंडी पट्टीचं आर्मर, डब्ल्यू म्हणजे लोखंडी गोल तारेचं. शेवटचा वाय म्हणजे बाहेरचं पीव्हीसी आवरण. म्हणून ए-टू-एक्स-एफ-वाय. एक्सएलपीई कंडक्टरला ९० अंशांपर्यंत चालतं, साधं पीव्हीसी ७० पर्यंत. ११०० व्होल्टपर्यंतच्या एक्सएलपीईला आयएस (भारतीय मानक) ७०९८ भाग १, पीव्हीसीला आयएस १५५४ भाग १. झालं, एवढं सगळ्यांना माहीत असतं.

पट्टी की तार? जमिनीत, चरात निवांत पडून राहणार असेल तर पट्टी पुरते. उभ्या शाफ्टमधून लोंबणार असेल, लांब डक्टमधून ओढायची असेल, तर तार. ओढीचा ताण तार जास्त सोसते. बारीक केबलमध्ये हा प्रश्नच येत नाही. आर्मरखालचा व्यास १३ एमएमपर्यंत असेल तर गोल तारच येते.

आता ट्रान्सफॉर्मर. ६३० केव्हीए, ४३३ व्होल्ट, म्हणजे फुल लोडला ८४० अँपिअर. साडेतीन कोअर (तीन फेज आणि निम्म्या जाडीचा न्यूट्रल एकाच केबलमध्ये, म्हणजे मल्टीकोअर) ३०० स्क्वेअर एमएमच्या तीन केबल टाकल्या तर एकीच्या वाट्याला २८०. समजा कॅटलॉगात जमिनीतलं रेटिंग ३७० लिहिलंय. लोक म्हणतात, भरपूर झालं. अहो, ते ३७० एकट्या केबलचं आहे! चरात तिघी एकमेकींना चिकटून झोपल्या की एकमेकींना तापवतात, म्हणून रेटिंग कमी करणारा गट-गुणक लागतो. तो ०.७ धरा: ३७० गुणिले ०.७, २५९. गेलं २८० च्या खाली. म्हणजे चौथी केबल, किंवा मधे अंतर सोडा, किंवा ट्रेवर हवेत घ्या. चौथी घेतलीत तर गुणक आणखी उतरतो, पण वाट्याला २१० च येतात, त्यामुळे जमून जातं.

मग लोक सिंगल कोअरकडे का वळतात? वाकवायला जागा नसते म्हणून. साडेतीन कोअर ३०० ची केबल साधारण ६० एमएम जाड. आर्मर्ड मल्टीकोअरला वळणाची त्रिज्या व्यासाच्या १२ पट ठेवायची, म्हणजे सव्वासातशे एमएम. पॅनलखालच्या केबल चेंबरमध्ये तेवढी जागा मिळते का बघा. नाही मिळत. म्हणून फेजला ४०० स्क्वेअर एमएमच्या दोन-दोन सिंगल कोअर. विचार चूक नाही. चूक पुढे होते, पीओवर (खरेदी ऑर्डरवर) नुसतं "आर्मर्ड" लिहिताना.

[टेबलावर साडेतीन कोअर आणि सिंगल कोअर केबलचे चालू लोडवरचे दोन तुकडे, हातात क्लॅम्प मीटर]

हे बघा. मल्टीकोअर केबलला, अख्ख्या केबलला, क्लॅम्प लावला. मीटर जवळजवळ शून्य दाखवतोय. आत लोड चालू आहे, पण तिन्ही फेज आणि न्यूट्रलची बेरीज शून्य होते. आता क्लॅम्प सिंगल कोअरवर. पूर्ण करंट दिसतोय. मीटरचे जबडे म्हणजे काय? केबलभोवती लोखंडाचं कडं. आणि लोखंडी आर्मर म्हणजे काय? तेच कडं, फक्त केबलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. करंट सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो, तसं कड्यातलं चुंबकत्वही. लोखंड तापतं. वरून पीव्हीसीचं पांघरूण आहे, उष्णता जाणार कुठे? इन्सुलेशनमध्ये. लोड निम्मा असतानाही आवरण गरम लागतं, मग साईटवर "केबल कंपनीचा माल खराब" म्हणून बोंब. माल ठीक असतो, ऑर्डर चुकीची असते. आयएस ७०९८ सुद्धा हेच म्हणतं: एसीवरच्या सिंगल कोअरचं आर्मर चुंबकीय नसलेल्या धातूचं हवं. व्यवहारात अ‍ॅल्युमिनियम. नावात डब्ल्यूच्या पुढे लहान ए येतो: ए-टू-एक्स-डब्ल्यूए-वाय. तो लहान ए पीओवर विसरू नका.

"सर, आम्ही अ‍ॅल्युमिनियम आर्मरच घेतलंय, तरी पॅनलपाशी तापतंय." ही कमेंट हमखास येते, आणि प्रश्न बरोबर आहे. पॅनलची ग्लँड प्लेट बघा, म्हणजे केबल जिथून ग्लँड (केबल पकडणारा फिटिंग) लावून आत शिरते तो पत्रा. एमएसची, म्हणजे लोखंडी आहे? त्यात प्रत्येक फेजला वेगळं भोक? मग कडं परत आलं! आर्मर लोखंडी नाही, पण भोकाभोवतीचा पत्रा आहेच. तिथली प्लेट अ‍ॅल्युमिनियमची करून घ्या, पॅनल बनवताना सांगितलं तर विशेष खर्चही येत नाही. नंतर साईटवर केबल सोडवून प्लेट बदलायची म्हणजे सगळे लग (केबलच्या टोकाचे जोड) परत काढा.

आणि तिसऱ्यांदा तेच: जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप. भिंतीतून जाताना प्रत्येक सिंगल कोअरला स्वतंत्र जीआय पाईप, नीटनेटकं दिसावं म्हणून. पाईप म्हणजे कडंच, हातभर लांबीचं. तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच पाईपमधून न्या, नाहीतर पीव्हीसी पाईप वापरा. एका केबलला गच्च मिठी मारणारे लोखंडी क्लॅम्पही नकोत. आर, वाय, बी या तीन फेजच्या केबल त्रिकोणात एकत्र बांधा. प्रत्येक संचात तिन्ही फेज हवेत. दोन्ही आर एका बाजूला, दोन्ही वाय दुसऱ्या बाजूला, असं केलंत तर जोडीतल्या दोन केबल करंट सारखा वाटून घेणार नाहीत.

आता अ‍ॅल्युमिनियम आर्मरला अर्थ कुठे करायचा? दोन्ही टोकांना केला तर तिन्ही केबलींच्या आर्मरचं वेटोळं पूर्ण होतं आणि त्यात करंट फिरायला लागतो, ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीसारखा. ती उष्णता हिशेबात धरून केबल मोठी घ्या, नाहीतर एकाच टोकाला अर्थ करा. एका टोकाला केलात तर उघड्या टोकाला थोडं व्होल्टेज उभं राहतं, लांबी आणि करंट वाढेल तसं वाढतं. ट्रान्सफॉर्मर ते पॅनल अशा पंधरा-वीस मीटरला ही पद्धत सोयीची, पण उघड्या टोकाचा ग्लँड हा प्लेटपासून इन्सुलेटेड हवा आणि अर्थची स्वतंत्र पट्टी दोन्ही टोकं जोडत न्यायला हवी. स्पष्ट सांगतो, आतल्या खोलीत ट्रेवरून पंधरा मीटर जाणार असेल, कुणाची कुदळ लागणार नसेल, तर विनाआर्मरची सिंगल कोअर घ्या आणि हा सगळा व्याप टाळा. आर्मर हे कुदळीसाठी आणि ओढाताणीसाठी आहे, शोभेसाठी नाही.

साडेतीन कोअरवाल्यांनो, तुमचं उलट. तुमचं लोखंडी आर्मर दोन्ही टोकांना ग्लँडमधून अर्थ झालंच पाहिजे. रंगवलेल्या प्लेटवर ग्लँड आवळून "अर्थ झाला" म्हणू नका, रंग खरवडा किंवा अर्थ टॅग लावा.

लांबच्या केबलचं एक उदाहरण. पंप हाऊस २०० मीटरवर, १५० अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८५. ९५ स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियमला ड्रॉप (केबलमध्येच खर्च होणारं व्होल्टेज) २० व्होल्ट, म्हणजे ४१५ वर ४.८ टक्के. १५० ला ३.३ टक्के. १८५ ला २.७. डिझाइनमध्ये ३ टक्के धरले असतील तर १८५ च. इथे करंटवरून साईझ ठरतच नाही, लांबीवरून ठरतो.

आणि ते "फायर पंपाला एफआरएलएस घेतली, आता चिंता नाही" वाले. एफआरएलएस म्हणजे ज्वाळा पसरवत नाही आणि धूर कमी करते. आगीत केबल चालू राहील असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. त्यासाठी फायर सर्व्हायव्हल केबल वेगळी मिळते.

केबलचा ड्रम आला की टोकाचं वीतभर आवरण सोला. पट्टीला व्हर्निअर लावा: जाडी ०.८, रुंदी ४ एमएमच्या आसपास हवी. पट्ट्यांमधल्या फटी बघा. आर्मरने किमान ९० टक्के भाग झाकायला हवा. मग कंडक्टरचा रेझिस्टन्स: ३०० स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियमला २० अंशांवर किलोमीटरला ०.१०० ओहमपेक्षा जास्त आला तर ड्रम परत. सोललेलं टोक लगेच कॅप लावून बंद करा. रात्री पाऊस झाला तर पाणी तारांमधून आत चढतं आणि सकाळी मेगर, म्हणजे इन्सुलेशनचं रीडिंग, खाली दिसतो.

सिंगल कोअरवाल्यांनी पीओ पाठवण्याआधी तो लहान ए परत एकदा बघा. आणि कमेंटमध्ये प्रश्न टाकताना लांबी, लोड आणि केबल जमिनीत की ट्रेवर, ही तीन माहिती द्या. नुसतं "कुठली घेऊ" ला उत्तर नाही.